बत्तीसचे तेवीस: शिवणयंत्राशेजारी शिकलेल्या आकड्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळच्या एका गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी तिथे पहिली-दुसरीला शिकवते. हे प्रकरण माझ्या वर्गातल्या एका मुलाचं, त्याच्या आईचं आणि थोडंसं माझंही आहे. मुलगा तेव्हा सात वर्षांचा, दुसरीत. घरी त्याला सोन्या म्हणतात. आपल्याकडे गल्लोगल्ली एक तरी सोन्या असतो, म्हणून तेवढं नाव ठेवलं आहे. ओळख पटेल असं बाकी काही लिहिलेलं नाही.

आई घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. वडील बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानात कामाला. घरात आबा आहेत, जुन्या सातवीपर्यंत शिकलेले. त्यांना पावकी, निमकी, सवायकी (पाव, अर्धा, सव्वा यांचे पाढे) अजून तोंडपाठ आहे आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, शेजारी कापडांचं गाठोडं, आणि त्या गाठोड्याला टेकून सोन्याची बसायची जागा.

या जागेला एक मान होता. आई गिऱ्हाइकाचं माप घेताना दोन्ही हात टेपमध्ये अडकलेले असायचे. मग ती मापं तोंडाने सांगायची आणि सोन्या ती मापाच्या वहीत लिहायचा. उंची, खांदा, छाती, कंबर, बाही, मुंढा. एखाद्या सात वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या कामात एवढी खरी जबाबदारी मिळते, हे मी फार थोड्या घरांत पाहिलं आहे.

काय बिघडलं

दिवाळीच्या आधी शेजारच्या आळीतल्या एका आजींनी पुण्याच्या नातीसाठी खणाचं परकर-पोलकं शिवायला टाकलं. नात इथे नव्हती. आजींनी मापाला तिचा जुना परकर आणला, माप घेऊन झाल्यावर तो परत नेला. आईने सांगितलं, "उंची बत्तीस, कंबर बावीस." सोन्याने वहीत लिहिलं: उंची २३, कंबर २२.

कंबरेचं माप बरोबर होतं, कारण बावीस उलटं लिहिलं तरी बावीसच राहतं. त्यामुळे पान बघून काही खटकावं असं नव्हतं. कंबर बावीस, उंची तेवीस. पाच-सहा वर्षांच्या पोरीचा परकर असेल. घेतलेलं माप आई विसरून गेली होती. सणाच्या गर्दीत तिने रात्री अकरा वाजता कात्री चालवली आणि दहा वर्षांच्या मुलीचा परकर गुडघ्यापर्यंतच आला.

तिने पदरचे पैसे घालून वेगळ्या रंगाचा खण आणला आणि खाली नऊ इंचांचा काठ जोडून दिला. आजींनी तो घेतला, पण आतून पुन्हा पुन्हा वळवून पाहिला, हे आईच्या मनाला लागलं. घरात आबांनी आणि वडिलांनी एकमताने ठरवलं की पोराने यापुढे वहीला हात लावायचा नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात मी सोन्याच्या वहीत लाल पेनने शेरा लिहून पाठवला होता: "अंक उलटे लिहितो. घरी सराव घ्यावा." एवढंच. सराव कशाचा, कसा, याबद्दल एक शब्द नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आई मापाची वही घेऊन शाळेत आली. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. वडिलांनी मोबाईलवर कुठेतरी वाचलं होतं की अक्षरं-आकडे उलटे लिहिणं हे आजाराचं लक्षण असतं. "बाई, ह्याच्या डोक्यात काही दोष तर नाही ना?" हा तिचा पहिला प्रश्न होता.

चूक नेमकी कुठे होती

त्या दिवशी मधल्या सुट्टीत, खिचडी खाऊन झाल्यावर, मी सोन्याला जवळ बसवून चार गोष्टी करून घेतल्या. हा भाग थोडा सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे, आणि हे कोणालाही घरी दहा मिनिटांत करता येतं.

पहिली: फळ्यावर लिहिलेल्या दहा संख्या पाहून उतरवायच्या. दहाही बरोबर. ३ किंवा ७ हा एखादा अंक आरशात दिसावा तसा फिरवलेलाही नव्हता.

दुसरी: २१ ते ५० क्रमाने लिही. सगळं बरोबर. पण तो कसा लिहितो ते मी पाहत होते. त्याने आधी एका रांगेत वरून खाली २, २, २, २ असे नुसते दोनच लिहिले आणि मग शेजारी १, २, ३, ४ भरत गेला. म्हणजे त्याने एकही संख्या "लिहिली" नव्हती. दोन उभ्या ओळी भरल्या होत्या. रोजच्या उजळणीत ही चूक मला सहा महिने का दिसली नाही, ते तेव्हा कळलं.

तिसरी: काड्या मोजून लिही. दहाचे तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या दिल्या. त्याने ३४ लिहिलं, आणि तोंडाने "चौतीस" म्हणालासुद्धा.

चौथी: ऐकून लिही. एकवीस ते नव्व्याण्णवमधल्या वीस संख्या मी सांगितल्या. सहा बरोबर आल्या. त्यांतल्या दोन पूर्ण दशकं होत्या, चाळीस आणि सत्तर. दोन जोडअंकी होत्या, तेहेतीस आणि पंचावन्न. म्हणजे खऱ्या अर्थाने जमलेल्या दोनच. सत्तेचाळीस ७४ झाले होते, अडुसष्ट ८६ आणि एकोणसाठ चक्क ६१.

आता हे सत्तेचाळीस तोंडाने सावकाश म्हणून पाहा. आधी काय ऐकू येतं? सात. मग चाळीस. कानाला ज्या क्रमाने मिळालं त्याच क्रमाने पोराने कागदावर उतरवलं. आधी ७, मग ४. त्याची चूक निष्काळजीपणाची नव्हती, उलट तो फार काळजीपूर्वक ऐकत होता. मराठीत संख्येचं नाव एककापासून सुरू होतं आणि आकडे लिहायचे दशकापासून. बोलण्याची आणि लिहिण्याची दिशा उलटी. एकोणसाठचं तर आणखी अवघड: त्यात "एक" ऐकू येतो आणि "साठ" ऐकू येतं, पण खऱ्या संख्येत ना एक आहे ना साठ. एक आणि साठ मिळून एकसष्टच होणार, असं त्याला वाटलं तर त्यात त्याचा काय दोष?

आमच्या सीमाभागात हे ताडून पाहायची सोय आहे. माझ्या वर्गात घरी कानडी बोलणारी मुलं असतात. कानडीत सत्तेचाळीसला "नलवत्तेळु" म्हणतात, म्हणजे आधी चाळीस, मग सात. त्या मुलांना मराठी नावं पाठ करायला वेळ लागतो, पण स्वतःच्या भाषेत संख्या सांगितली तर अशी उलटापालट मी त्यांच्याकडून पाहिलेली नाही. जर्मन भाषेतही आपल्यासारखंच आधी एकक बोलतात. नॉर्वेत तीच पद्धत होती. दूरध्वनी क्रमांक सांगताना गोंधळ होतो म्हणून १९५१ साली तिथे सरकारी निर्णयाने क्रम बदलून आधी दशक बोलायला सुरुवात झाली. अख्ख्या देशातली मोठी माणसं जिथे अडखळत होती, तिथे सात वर्षांचं पोर अडखळलं तर ते डोक्यातला दोष म्हणून नव्हे, हे मी आईला सांगितलं. तिने वही छातीशी धरली होती, ती मांडीवर ठेवली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलले. पाहून उतरवतानाही अंक फिरले असते, वाचनातही अक्षरं निसटत असती आणि पुढच्या वर्षीही तसंच राहिलं असतं, तर तज्ज्ञाला दाखवा असं मीच म्हटलं असतं. इथे ती खूण नव्हती.

कोणते मार्ग समोर होते

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. चौघांची चार मतं होती.

वडिलांना मुलाला शिकवणी लावायची होती, नाहीतर पुढच्या वर्षी इंग्रजी माध्यमात घालायचं होतं. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता: "फॉर्टी सेव्हन" म्हटलं की आधी चार, मग सात, सरळ. पण आईने विचारलं, की गिऱ्हाइकं काय फॉर्टी सेव्हन म्हणत येणार आहेत का? दुकानात, बाजारात, एसटीत मराठीच आकडे कानावर पडणार. माध्यम बदलून हा प्रश्न सुटला नसता, नुसता नजरेआड झाला असता. शिकवणीत तर पुन्हा श्रुतलेखन आणि पुन्हा लाल शेरे.

आबांचं म्हणणं, अंकलिपी काढा आणि रोज तीनदा एक ते शंभर लिहून घ्या. मी त्यांना सोन्याच्या त्या दोन उभ्या ओळी दाखवल्या. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे पोरगं लिहीत नाही, रांगोळीचे ठिपके काढतंय." इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं.

माझ्या मनात होती ती "चाळीस सात" पद्धत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" असंही वाचायची पद्धत आली. डॉ. मंगला नारळीकर त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्षा होत्या. लहान मुलांची जोडाक्षरांशी आणि उलट्या क्रमाशी होणारी झटापट कमी व्हावी हा त्यामागचा हेतू होता, आणि जुनी नावं बाद केलेली नव्हती. तरी केवढं वादळ उठलं होतं! त्या वादळाचा एक झोत या घरातही होता. मी "चाळीस सात" उच्चारताच आबा म्हणाले, "सत्तेचाळीस हा शब्द माझ्या आईच्या तोंडचा आहे. तो पोराकडनं काढून घेऊ नका, बाई."

हे बोलणं मला मनापासून पटलं, आणि तिथेच निर्णयाची पहिली गाठ होती. नवी पद्धत घ्यायची की जुनी? वाट सोन्यानेच दाखवली. मी त्याला विचारलं, घरी तुला सोन्या म्हणतात आणि हजेरीपटावर तर वेगळंच नाव आहे, मग तुम्ही दोघं आहात का? तो हसला, "एकच हाय की!" मग ठरलं: संख्येलाही दोन नावं. सत्तेचाळीस हे घरचं नाव, चाळीस सात हे हजेरीतलं नाव. लिहिताना हजेरीतलं नाव मनात म्हणायचं. आबांनी मान डोलावली, कारण घरचं नाव घरातच राहणार होतं.

दुसरी गाठ अधिक कठीण होती: मापाची वही पुन्हा द्यायची की नाही? वडील ठाम नाही म्हणाले. एका परकराचं नुकसान त्यांनी सोसलं होतं, त्यांना दोष देता येत नाही. आई गप्प राहिली. मी जोर केला नाही. तो तेव्हा करायला हवा होता का, यावर पुढे येते.

काय केलं

पहिल्याच दिवशी मी उत्साहाने पाच खेळ सांगून बसले. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे लग्नसराई सुरू होते, शिवणाऱ्या बाईला श्वास घ्यायला फुरसत नसते. दहा दिवसांनी विचारलं तर एकही खेळ झालेला नव्हता, आणि आईच्या चेहऱ्यावर अपराधीपण होतं. ते तिच्या नव्हे, माझ्या चुकीचं होतं. मग आम्ही पाचाचा एकच खेळ केला, आणि तोही तिच्या कामाच्या जागीच होईल असा.

बटणांच्या माळा. प्रत्येक शिंप्याकडे जुन्या शर्टांच्या बटणांचा डबा असतो. सोन्याने दहा-दहा बटणं दोऱ्यात ओवून नऊ माळा केल्या, बाकी बटणं वाटीत सुटी. जमिनीवर शिवणाच्या खडूने एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडे माळा, उजवीकडे सुटी बटणं. आई यंत्र चालवता चालवता म्हणायची, "सत्तेचाळीस बटणं दे." सोन्या कानाला आधी जे मिळालं ते आधी उचलायचा: सात सुटी, उजवीकडे. मग चार माळा, डावीकडे. आणि मग रेघेखाली खडूने डावीकडून लिहायचं: ४७.

या खेळातलं मर्म त्या रेघेत आहे. हाताने कानाचा क्रम पाळला तरी चालतं, कारण वस्तूची जागा ठरलेली आहे. सात आधी ठेवले काय, नंतर ठेवले काय, ते उजवीकडेच राहतात. ऐकणं आणि लिहिणं यांच्या मध्ये मांडणं आलं, आणि पोराची घाई तिथे आपोआप मुरली. आम्ही घरात एकच वाक्य पक्कं केलं: ऐक, मांड, मग लिही. आईला हातातलं काम सोडावं लागत नव्हतं, म्हणून हा खेळ टिकला. रोज दहा संख्या, पंधरा मिनिटं.

अंदाज आणि टेप. दोन आठवड्यांनी दुसरा खेळ. शिवणाचा टेप म्हणजे गुंडाळून ठेवता येणारी अंकरेषा. एका बाजूला साठ इंच, दुसऱ्या बाजूला दीडशे सेंटिमीटर. घरातली एक वस्तू निवडायची, प्रत्येकाने इंचात अंदाज सांगायचा, मग टेप लावायचा. ज्याचा अंदाज जवळचा, तो जिंकला. उंबरठा, उशी, आबांची काठी, शेजारची शेळी नाकापासून शेपटीपर्यंत. शेळी उभी राहीना तेव्हा तिला पाला खायला घालून मापली. ती एकेचाळीस भरली. या खेळात सोन्याला एक गोष्ट आपोआप उमगली, जी मी वर्गात कितीही सांगून उमगत नव्हती: ३२ आणि २३ यांत केवढं अंतर आहे. टेपवर दोन्ही बोटं ठेवली की मधलं कापड दिसतं. एके दिवशी तो २३ वर बोट ठेवून गप्प बसला आणि म्हणाला, "एवढंच शिवलं व्हतं व्हय आपण त्या ताईला?" आईने मला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

एकोण. हा खेळ आबांचा, पूर्णपणे त्यांचा. एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी, हे त्यांनी अंगणात शिकवलं. ठिकरीसारखे दहा मोठे चौकोन आखले, त्यांत १० ते १०० लिहिलं. "एकोणसाठ!" म्हटलं की धावत साठच्या चौकोनापर्यंत जायचं, पण आत पाय ठेवायचा नाही, रेघेच्या अलीकडे, पन्नासच्या घरात उभं राहायचं. मग विचारायचं, तू कुणाच्या घरात आहेस? पन्नासच्या. म्हणजे पाच आधी, आणि साठला एकच कमी म्हणून नऊ. गल्लीतली पोरं जमली आणि त्याचा पळापळीचा खेळ झाला.

याच खेळात सोन्याने विचारलं, "आबा, मग एकोणशंभर का नाही म्हणत?" एकोणनव्वदपर्यंत सगळी एकोणची रांग, आणि शेवटी एकदम नव्व्याण्णव. आबांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. पण ज्या मुलाला भाषेच्या नियमातला अपवाद स्वतःहून सापडतो, त्याला नियम समजला आहे याची मला त्याहून मोठी खात्री नको होती. त्या संध्याकाळी आबा अंगणात एकटेच एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं पुटपुटत बसले होते.

पत्ते. एक्का ते नव्वा एवढीच पानं. प्रत्येकाने दोन उचलायची, मोठ्यात मोठी संख्या करायची, दोन्ही नावांनी म्हणायची. चूक झाली तर पान परत. हा वडिलांचा खेळ झाला, रात्री जेवणानंतरचा. वडील यात आले, ही माझ्या मते या प्रकरणातली न दिसणारी पण मोठी घटना. दुकानातून ते सुटी नाणी आणि दहाच्या नोटाही आणू लागले आणि कधी कधी "सत्तावन्न रुपये मोजून दे" असा प्रकार चालायचा. पाच नोटा, सात नाणी. बटणांचाच खेळ, फक्त जास्त मोलाचा.

जिथे अडलं

सापशिडी जमली नाही. मला वाटलं होतं, शंभर घरं आहेत, याहून चांगलं काय? तीन आठवडे खेळून फरक शून्य. एकदा शेजारी बसून पाहिलं तर पोरं आकडे बघतच नव्हती; फासा चार पडला की सोंगटी टक-टक-टक-टक पुढे. शिवाय सापशिडीच्या पटावर एक ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि वरची उजवीकडून डावीकडे, त्यामुळे २३ च्या बरोबर वर ३३ येत नाही. ज्याला दशक-एककाची मांडणी बसवायची आहे, त्याच्यासाठी हा पट उलट गोंधळाचा. मग नियम बदलला: उतरायच्या घराचं नाव आधी सांगायचं, मगच सोंगटी हलवायची. थोडा उपयोग झाला, पण खेळाची मजाच गेली. आम्ही तो सोडून दिला आणि सापशिडी नुसती सापशिडी म्हणून खेळू दिली.

दुसरी अडचण माणसाची होती. जानेवारीत घरी पाहुणे आले आणि वडिलांनी कौतुकाने पोराला पुढे उभं केलं. "अडुसष्ट लिहून दाखव रे." सोन्याने खडू हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. कुणी तरी हसलं. पुढचे चार दिवस त्याने बटणांच्या डब्याला हात लावला नाही. आईने हे मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, काहीच करू नका, डबा समोर राहू द्या. पाचव्या दिवशी त्याने स्वतःच आईला विचारलं, "तुला किती बटणं पायजेत?" वडिलांना मी काही बोलले नाही. आईने त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण पाहुण्यांसमोरची परीक्षा पुन्हा झाली नाही.

वही परत

जानेवारीच्या अखेरीस वीस संख्यांचं तसंच श्रुतलेखन घेतलं. पंधरा बरोबर. आता मी वहीचा विषय पुन्हा काढला, आणि या वेळी जोर केला. पोराला ज्या जागेचा मान होता ती जागा तीन महिने रिकामी होती. तो खेळत होता, शिकत होता, पण गिऱ्हाईक आलं की उठून आतल्या खोलीत जायचा. हे मी स्वतः पाहिलं होतं आणि ते मला सहन होत नव्हतं.

वडिलांची भीती खरी होती, म्हणून अट घातली. वहीच्या पानावर आईने दोन उभी घरं आखली, दशक आणि एकक. सोन्या माप लिहिणार, आणि लिहून झाल्यावर गिऱ्हाइकासमोरच वाचून दाखवणार: "उंची तीस दोन, बत्तीस." आई टेपवर पाहून "बरोबर" म्हणणार, मगच पुढचं माप. यात गंमत अशी, की ही पद्धत सोन्यासाठी आखली, पण आईच्या स्वतःच्याही दोन चुका तिने पकडल्या.

फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत मापात एकही उलटापालट झाली नाही. एप्रिलमधल्या श्रुतलेखनात वीसपैकी अठरा बरोबर आले. चुकलेले दोन होते एकोणसत्तर आणि एकोणऐंशी.

हे सगळं नुसत्या खेळांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्या महिन्यांत वर्गातही संख्यांवर काम चालू होतं, आणि मूल सहा महिन्यांनी मोठंही होतं. लहान मुलांना वाचन-लेखन आणि संख्याज्ञान यावं यासाठीचं केंद्र सरकारचं "निपुण भारत" अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, तेव्हापासून दुसरीच्या अखेरीस मुलाला ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात हे लक्ष्य आमच्यासमोर आहे. त्या मानाने सोन्या एप्रिलमध्येही थोडा मागेच होता.

आज पुन्हा करायचं तर

लाल शेरा मी लिहिला नसता. "ऐकून लिहिताना दशक-एककाची जागा बदलते, पाहून लिहिताना बरोबर येतं" एवढं लिहायला एक ओळ जास्त लागली असती, आणि एका आईची दिवाळी भीतीत गेली नसती. आता मी श्रुतलेखन जूनमध्येच घेते, क्रमाने लिहिलेल्या उजळणीवर विसंबत नाही.

वही पहिल्याच दिवशी परत द्यायला हवी होती, असं मला आज वाटतं. वाचून दाखवायची अट नोव्हेंबरमध्येही घालता आली असती. आम्ही आधी मुलाला पात्र ठरवलं आणि मग काम दिलं. काम हातात असतं तर शिकायची गरज त्याला आतून वाटली असती. वडिलांचं मत वेगळं आहे: आणखी एक परकर बिघडला असता तर पोराने स्वतःच वही टाकली असती, असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही.

आबांना आधी विचारायला हवं होतं. मी पुस्तकातली पद्धत घेऊन गेले आणि त्यांचा शब्द काढून घेतला जातोय असं त्यांना वाटलं. एकोणचा खेळ त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होता, मी विचारलं नव्हतं एवढंच.

पाच खेळांची यादी मात्र आता कुणालाच देत नाही. आईला विचारते, तुम्ही दिवसभर कुठे बसता, हाताशी काय असतं? यंदा एका घरी भाकऱ्यांची चवड निघाली, एका घरी विड्यांची बंडलं, एका घरी ऊसतोडीच्या मोळ्या.

उन्हाळ्यात

मे महिन्यात रस्त्यात आई भेटली. सोन्या आता शंभरच्या पुढे गेला होता आणि एकशे पाच १००५ असा लिहीत होता. एकशे ऐकलं की १००, मग पाच. हेही पुन्हा ऐकलं तसंच. मी काही सांगण्याआधीच ती म्हणाली, "बाई, मी त्याला काही बोलले नाही. टेप उलटा करून दिला." सेंटिमीटरची बाजू शंभरच्या पुढे जाते. सोन्याने शंभरच्या पुढे पाच रेघा मोजल्या, बोट ठेवलं, आणि वहीत दशक-एककाच्या डावीकडे स्वतःच तिसरं घर आखलं.